संज्या, अण्णांच्या खतावणीत तुझ्या तात्यांचं पान सापडलंय

प्रिय संज्या,

आपले बेदाण्याच्या आडतीवाले अण्णा गेल्याचं तुला ग्रुपवर कळलंच असणार. सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली टाकली, आणि बंगलोरवाले साहेब मेसेज बघून गप्प बसले, ते मी बघितलं. चिडून लिहीत नाहीये. तू हात जोडले असतेस तर मलाच धक्का बसला असता. फोनच करणार होतो, पण अण्णांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, म्हणून लिहून पाठवतोय. शेवटपर्यंत वाच. यात एक गोष्ट आहे जी तुला सोडून कुणाला सांगता येत नाही, घरी हिलापण सांगितलेली नाही.

तब्येती ठीक. माझी शुगर आहे तशीच, आईचा गुडघा आहे तसाच.

अण्णा म्हणजे काय त्रास न देता गेले. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला, घाम आला म्हणाले. सांगलीला न्यायला गाडी दारात येईस्तोवर कारभार आटोपला होता. ऐंशी कधीच उलटली होती. त्या दिवशी बेदाण्याचे सौदे होते, माल मांडून झाला होता, तरी यार्ड बंद झालं, कुणी सांगायला गेलं नाही, आपोआप. आणि हमालांनी खांदा सोडलाच नाही रे. नातवांना जवळ जाता येईना. ज्यांच्या सात पिढ्या रोज सकाळी उद्धारायचा माणूस, ते ढसाढसा रडत होते. गावभर फ्लेक्स लागलेत. फोटोत अण्णा हसतायत. कुठनं मिळवला हा फोटो देव जाणे, मी तर म्हणतो कॉम्प्युटरवर केलाय.

रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी झालं. रक्षा नदीत सोडली नाही, सावळजच्या बागेत कडेला खड्डा काढून आंब्याचं रोप लावलं. मग श्रद्धांजली सभा. आजी-माजी सगळे आले होते, प्रत्येकाचं भाषण अर्धं अण्णांवर आणि अर्धं स्वतःवर. दानशूर काय, कर्ण काय, शेतकऱ्यांचा कैवारी काय. माझ्या शेजारी अण्णांच्या दुकानचे दिवाणजी बसले होते, ते हळूच म्हणाले, "कैवारी बरोबर हाय, पन उचलीवर महिना दोन टक्के घ्यायचे ते बी सांगा की." मला हसू आवरेना, मागनं कुणीतरी शुक शुक केलं.

तुला मी हे नेहमी सांगत आलोय आणि तू नेहमी भांडत आलायस, की माणूस चिकट होता, तोंडाचा फाटका होता, पण चोर नव्हता. अर्धा कप चहा पाजणारा माणूस. 2016 ला सांगलीच्या बेदाण्याला जीआय, ते भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेढे वाटले, ते पण अर्धे करून. पण काट्यावर कधी हात ठेवला नाही. बाकीच्या दुकानात तुटीच्या नावाखाली काय काय कापायचे ते आपण डोळ्यांनी बघितलंय, सुट्टीत बॉक्स चिकटवायला जायचो तेव्हा. आठवतं का, व्यापारी बॉक्स फोडून मूठ मूठ बेदाणा उधळायचे, आणि आपण पायाखालचा वेचून खायचो, फुंकर मारली की झाला साफ. अण्णा त्या उधळणीवरनं व्यापाऱ्यांच्या अंगावर जायचे. चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा किलोभर होतो, तुमच्या बापानं वाळवलाय का म्हणायचे, भर सौद्यात. दुसरा आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, गिऱ्हाईकाला असं बोलला असता तर दुकान बसलं असतं. यांचं चाललं, कारण माल यांच्याकडे यायचा, आणि माल यायचा कारण पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहिलेला आकडा हातात पडायचा. 72 च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेला माणूस, मग सांगलीत हळदीच्या पेढीवर पोत्यांची वजनं लिहिणारा, तिथनं तासगावात येऊन स्वतःचं दुकान. हे सगळं त्या सभेत सांगून झालं, तुला नव्यानं काय सांगू.

2003 मात्र कुणीच बोललं नाही. सगळे 72 वरनं उडी मारून थेट जीआयवर.

तर झालं असं, की सभेच्या शेवटी अण्णांचा थोरला उठला. तो बोलणार नव्हता, कार्यक्रमपत्रिकेत पण नव्हता. माईक घेतला आणि म्हणाला, माझ्या वडिलांकडून कुणाचा एक रुपया जरी येणं असेल तर वर्षश्राद्धाच्या आत या, कागद नसला तरी चालेल, तुमचा शब्द हाच कागद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, श्रद्धांजली सभेत. मला पोटात गोळा आला. मी त्यांचा जीएसटी बघतो, हिशेब बघतो, मला माहितीय असल्या वाक्याला किती शून्य लागतात. धाकट्यानं तर कपाळाला हात लावला.

आले लोक. काही खरे, काही नुसते हवशे. एकजण 1998 ची हमाली मागायला आला, त्याला चहा पाजून पाठवला, पूर्ण कप. थोरल्यानं माळ्यावरच्या सगळ्या जुन्या वह्या खाली काढून माझ्या ऑफिसात आणून टाकल्या, रोजमेळ, खतावणी, पट्ट्यांची बुकं, वाळवी लागलेली, आणि म्हणाला तू लावून दे. लावतोय. आणि मग त्यानं एक नाव सांगितलं, मुद्दाम वेगळं, दार लावून.

काकूंचं. तुझ्या आईचं.

काकू स्वतः आल्या नाहीत. शेजारच्या वहिनींकडून निरोप पाठवला, "दिलं तर आता तरी द्या म्हनावं, माझा माणूस त्या पैशाच्या हायीनं गेला." थोरल्याला ते फार लागलंय. लहानपणापासून ऐकलंय त्यानं. मला म्हणाला, मुद्दल शोध, वर व्याज लाव, बँकेचं नको, आमच्या दुकानचंच लाव, दोन टक्के. मोबाईलवर हिशेब करून बघ म्हणजे कळेल काय रक्कम होते.

मी शोधलं, संज्या.

तात्यांचं पान आहे. 2003 चा उन्हाळा, 96 बॉक्स, पंधरा किलोचे, पिवळा माल. दुष्काळात टँकरचं पाणी घालून जगवलेली बाग, तुझ्या हातावर पाईपचे घट्टे होते तेव्हा. दिल्लीकडची ती पार्टी सीझनअखेर सगळ्यांचा माल उचलून गायब झाली, अण्णांच्या एकट्याच्या दुकानाला केवढा खड्डा पडला ते दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसांवरनं कळायचं. पार्टी पळाली तरी आडत्यानं शेतकऱ्याला पैसे द्यायचेच, नियम आहे, पण नियमानं कुणाचं पोट भरलंय. अण्णांनी विट्याच्या रस्त्यावरचा प्लॉट विकला आणि तुकड्या तुकड्यानं देत राहिले, तीन वर्षं. हे आपल्याला माहिती होतं. आपल्याला माहिती होतं की सगळ्यांना मिळाले, तात्यांना सोडून.

पानावर चार हप्ते आहेत. चारही तात्यांच्या नावे टाकलेत, म्हणजे त्यांना दिले म्हणून लिहिलेत, बाकी निरंक, खाली दोन रेघा. आणि प्रत्येक हप्त्यापुढे सही आहे. तात्यांची. ती शेवटी शेपूट असलेली, प्रगतीपुस्तकावर तू खोटी करायचास तीच. तुझी शेपूट डावीकडं वळायची म्हणून सापडलास. ही उजवीकडंच आहे, मी भिंग घेऊन बघितलं. 2004 च्या दिवाळीच्या आत सगळे पैसे तात्यांच्या हातात आलेले होते.

पहिल्यांदा मला वाटलं बनाव असेल. मग मी दिवाणजींच्या घरी गेलो. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, ओरडून असलं काही विचारायचं म्हणजे गल्लीला कळायचं, म्हणून कागदावर लिहून विचारलं. त्यांनी वाचलं, कागद फाडला, आणि म्हणाले तात्याच म्हनले होते घरी नाव काढू नका. तेव्हा तुमची वाटणी चालली होती. बाग तात्यांनी कसलेली पण सातबारा सामाईक, पैसे आले म्हटलं की दोन्ही काका हिस्सा मागायला उभे. म्हणून बुडाले म्हणायचं. वाटणी झाली की सांगू, असं ठरलं होतं म्हणे. वाटणी कधी झाली ते तुलाच माहिती, तोवर तात्या राहिले नव्हते.

आणि पैसे गेले कुठं, तर माझा आपला एक अंदाज, तुला पटला तर बघ. बांधावरचा तो बोअर. मशीन दोन रात्री चालली होती, आपण बघायला बसलो होतो, नुसता फुपाटा आला. त्याला पैसे कुठनं आले हे आपण कधी विचारलं का? सोसायटीचं कर्ज काढलं असं तात्या म्हणाले होते. सोसायटी थकबाकीदाराला कर्ज देत होती का तेव्हा? चुकत असेन. पण तसं असेल तर तात्या मग कुणाला काय सांगणार, भावांना नाही, काकूंना तर नाहीच.

आता तू म्हणशील बघा, अण्णा किती थोर, शिव्या खाल्ल्या पण दिलेला शब्द पाळला. गणपतीच्या रथाच्या दिवशी काकूंनी देवळाच्या गोपुराखाली सगळ्या गावासमोर त्यांचा तळतळाट केला होता, आणि ते हात जोडून उभे राहिले, मग खाली मान घालून गेले. तू त्याच रात्री दुकानाच्या बोर्डावर दगड घातलास आणि आपलं ते जन्माचं भांडण झालं. (बोर्ड अजून तोच आहे. "आडत" मधला "ड" गेलाय तो गेलाच. चिकटपणा बघ.) मी पण दोन दिवस हेच धरून बसलो होतो की काय माणूस होता. पण मग मी बाकीची पानं लावली. तात्यांचं खातं 2004 ला मिटलंय आणि सावळज, मणेराजुरीच्या बारक्या शेतकऱ्यांची खाती 2006 पर्यंत उघडी आहेत. म्हणजे तात्यांना सगळ्यांच्या आधी दिले. का दिले, दोस्ती म्हणून, का तात्यांनी पाय धरले, मला माहिती नाही. पण ते बाहेर फुटलं असतं तर पायरीवर बसलेल्या बाकीच्यांनी दुकान पेटवलं असतं. तेव्हा गप्प बसणं अण्णांच्या पण सोयीचं होतं. दोघांनी मिळून ठरवलेलं आहे ते, एकानं दुसऱ्यावर उपकार केलेले नाहीत. दिवाणजींना हे लिहून विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तरी एक आहेच. सोय 2006 ला संपली होती, सगळी खाती मिटल्यावर. त्यानंतर इतकी वर्षं काकूंच्या शिव्या खायची त्यांना काही गरज नव्हती. एकदा वही उघडून दाखवली असती तर संपलं असतं. नाही दाखवली. तात्यांच्या मयताला आले होते, तू त्यांना दारातनं परत पाठवलंस, तेव्हा पण नाही.

आता माझी पंचाईत समज. थोरल्याला सांगितलं की खातं मिटलेलं आहे, तर तो गप्प बसेल, भला आहे, पण धाकटा बसणार नाही, तो वही यार्डभर फिरवेल, बापावरचा डाग पुसायची संधी कोण सोडतो, आणि त्याचं चुकतंय असं पण म्हणवत नाही. मग काकू खोट्या पडतात, तात्या मेल्यावर खोटे पडतात, आणि तुझे काका हिस्सा मागायला आजही तयार आहेत, तुला मी सांगायला नको. बरं नाही सांगितलं, पान सापडलं नाही म्हटलं, वाळवीनं खाल्लं म्हटलं, तर थोरला काकूंच्या हातात ती रक्कम ठेवणार. दिलेलेच पैसे परत, व्याजासकट. काकू घेणार आणि सगळ्या गावाला सांगणार, बघा, मी म्हणत होते. मी हिशेबाचा माणूस आहे रे, मिटलेल्या खात्यावर परत पैसे टाकायचे म्हणजे हात चालत नाही माझा. आणि काकूंना मी जाऊन सांगू? मी? त्यांच्या हातची भाकरी खाल्लीय मी, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की काकू, तात्यांनी तुमच्यापासनंच लपवलं. त्या मला चपलेनं मारतील, मारू देत, पण मग रात्री एकट्या त्या घरात बसून काय करतील?

म्हणून हे तुझ्याकडं. तुझे वडील आहेत, तुझी आई आहे. पानाचा फोटो सोबत पाठवलाय, सही मोठी करून बघ. मला वाटतं काकूंना तूच सांगावंस, फोनवर नको, येऊन. आणि त्यांनीच थोरल्याला निरोप द्यावा की आमचं काही येणं नाही. कारण सांगायची गरज नाही, तो विचारणार नाही. पण तुला वेगळं वाटत असेल तर वेगळं सांग. फक्त गप्प बसू नकोस.

अरे हो, फ्लॅटचं पझेशन मिळालं का? आणि चिंगीची शाळा बदलणार होतास ना. वहिनींच्या नोकरीचं काय झालं ते पण कळव. सगळं एकदम विचारतोय, राग मानू नकोस, डोकं ठिकाणावर नाहीये.

दिवाळीआधी झिरो पेमेंटसाठी, म्हणजे सगळी येणी-देणी मिटवायला, सौदे बंद होतील, तेव्हा थोरला निवांत असतो आणि तेव्हाच तो यादी मागणार आहे. त्याच्या आत ये. किर्लोस्करवाडीला उतर, रात्री कितीही वाजता असू दे, मी गाडी घेऊन येतो. आधी आमच्याकडं जेव, मग घरी जा. वही माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडं, अजून दुसऱ्या कुणी बघितलेली नाही.

तुझा,
पक्या