मोंते अल्बानहून आल्यावर

ती. आई-बाबांना सा. न.,

काल फोनवर आईचा आवाज बदलला आणि मी "रेंज जातेय" म्हणून फोन ठेवला. रेंज होती. सांगायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून लिहितेय.

करार आणखी 2 वर्षांनी वाढवलाय. मंगळवारी सही केली. आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही "कर गं, आमचं काय" म्हणाला असतात आणि मग माझ्याच्यानं सही झाली नसती. फ्लॅटचं कर्ज यात फिटतं, आणि इतकं उभं केलेलं काम अर्ध्यावर टाकवत नाही. खरंच, दुसरं काही कारण नाही.

सुट्टीला इथे मेक्सिकोतच, ओआहाका शहराजवळ, मोंते अल्बान या प्राचीन शहराचे अवशेष पाहून आले. बाबा, तुम्ही हवे होतात. झापोटेक या इथल्या मूळच्या लोकांनी इ.स.पू. 500 च्या सुमारास, खोऱ्यापासून 400 मीटर उंच डोंगराचा माथा सपाट करून तिथे शहर वसवलं. मी तुमच्यासारखा प्रत्येक फलक शेवटपर्यंत वाचला. आई असती तर दहादा "चला आता, ऊन चढलं" म्हणाली असती. तिथल्या शिळांवर वेडेवाकडे हातपाय टाकलेली माणसं कोरली आहेत. लोकांना ती नाचताना वाटली, म्हणून नावही 'दान्सान्तेस', नाचणारे. एकीसमोर उकिडवी बसले तेव्हा दिसलं, डोळे मिटलेले, तोंड उघडं. ते मारलेले युद्धकैदी असावेत, असं आता अभ्यासक मानतात.

पण मनातून जात नाहीत ती तिथली घरं. मधे अंगण, भोवती खोल्या, आणि खाली घरातल्या मोठ्यांचं थडगं. पुढे कुणी गेलं की तेच पुन्हा उघडायचं. सात नंबरच्या थडग्यात 1932 साली अल्फोन्सो कासो या पुरातत्त्वज्ञांना सोन्याचे दागिने सापडले, तेही मागाहून आलेल्या मिश्तेक लोकांनी जुनंच थडगं वापरून ठेवलेले. इतकं धरून राहणारी माणसं, आणि मी तुमच्यापासून साडेअकरा तास मागे.

भलतंसलतं मनात आणू नका हं. मला आपलं अंगण आठवलं, एवढंच. आई कुरडया घालायची आणि मी राखणीला बसून निम्म्या ओल्याच खायचे.

जेवणाची काळजी करू नका. इथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि मातीच्या तव्यावर भाजतात, आपल्या भाकरीची बहीणच. मिरची तर मूळची इथलीच.

आता ऐका. स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळा येतील, त्यांना "आज नको" म्हणायचं नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवणारा गुरुवारी येईल, बाबा, त्याला परत पाठवू नका. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. आई, माळ्यावरच्या डब्यासाठी स्टुलावर चढू नकोस. मोतीबिंदूचं डिसेंबरात करू, तेव्हा मी असेन. तिकीट काढलंय, चांगली 26 दिवस येतेय.

रोज तुमच्या सकाळी आठला फोन करीन. उचलायला धावू नका. मी वाजवत राहीन.

तुमची,
मनी