ब्लॉकचेनवर मतदान नको

हिंजवडीत नोकरी आणि मतदार यादीत नाव मात्र गावाकडे, अशा तरुणांना इथूनच मत देता यावे, ही मागणी रास्त आहे. पण त्यासाठी मोबाइल आणि ब्लॉकचेनचा (म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या डिजिटल नोंदवहीचा) आग्रह मला धोक्याचा वाटतो. ब्लॉकचेनमध्ये नोंदलेले मत नंतर बदलता येत नाही, हे खरे. मात्र नोंद होण्याआधीच फोनमधल्या व्हायरसने मत फिरवले, तर ते चुकीचे मतच कायमचे जपले जाईल! अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने २०१८ मध्ये वापरलेल्या ‘व्होट्झ’ या मतदानाच्या अॅपमध्ये तिथल्याच एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांना गंभीर त्रुटी सापडल्या. मॉस्कोतील २०१९ च्या ऑनलाइन मतदानात मते गुप्त ठेवणारे सांकेतिकीकरण तर एका फ्रेंच संशोधकाने निवडणुकीआधीच फोडून दाखवले.

शिवाय घरी मत देताना शेजारी कोण उभे आहे, हे कोण पाहणार? पैसे वाटणारा समोर बसून बटण दाबून घेईल. केंद्रावरचा पुठ्ठ्याचा आडोसा ही मोठी गोष्ट आहे. मत कुणाला गेले हे दाखवणारी, मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्यावरचे चिन्ह कळते. निवडणूक आयोगाने पडताळणीसाठी मोजल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांचे प्रमाण आधी वाढवावे.

– एक मतदार, कोथरूड, पुणे