आधी माग, मग चौकशी

नागोया,
४ मे

ती. दादा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तू तापलेला होतास, म्हणून मी नुसतं हं-हं करत ऐकून घेतलं. व्यापाऱ्यानं कापडाचे तागे परत पाठवले आणि मजुरी कापली, एवढंच तू सांगितलंस. उरलेलं दुसऱ्या दिवशी वहिनींकडून कळलं. आपल्या मागांच्या कारखान्यात सगळ्यांच्या देखत तू रात्रपाळीला माग चालवणाऱ्या मामांना झापलंस, ते तेव्हापासून आले नाहीत आणि आण्णा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. फोनवर हा विषय काढला असता तर आपलंच वाजलं असतं. पत्रात तू मला मधेच तोडू शकत नाहीस, म्हणून लिहितोय.

इथं सध्या सुट्ट्या आहेत. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अख्खं जपान फिरायला बाहेर पडतं. मी लांब कुठं गेलो नाही. नागोयातच लाल विटांची एक जुनी सूतगिरणी आहे, तिथं १९९४ मध्ये संग्रहालय झालंय, ते बघून आलो. नाव टोयोटाचं, पण आत गेलं की मोटारींच्या आधी माग लागतात, तेही चालवून दाखवतात. बाकीची मंडळी कानावर हात धरून पुढं सरकत होती आणि मला तिथं झोप येईल की काय असं वाटत होतं. लहानपणी आपण त्या आवाजातच झोपायचो ना.

टोयोटा हे मुळात मागवाल्यांचं घराणं. साकिची तोयोदा नावाच्या माणसानं १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग काढला. तो चालू असतानाच धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, बदलतो. पण मी खिळून राहिलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. खराब कापड पुढं विणलंच जात नाही. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. मोटारी त्यानंतरच्या.

तू म्हणशील, असले माग आता इचलकरंजीत पण आहेत, त्यात काय नवल. नवल मागाचं नाही. धागा तुटला म्हणून माग कुणावर चिडत नाही, नुसता थांबतो. मग माणूस येतो, धागा सांधतो आणि माग पुन्हा सुरू करतो. धागा का तुटला हे त्या क्षणी कुणी विचारत बसत नाही. ते विचारायचं असतंच, पण नंतर, चहा झाल्यावर, डोकं थंड असताना. आपल्याकडं बरोब्बर उलटं होतं. काही बिघडलं की पहिला प्रश्न, ‘कुणी केलं?’ तेवढ्या वेळात शेजारच्या मागावर आणखी चार धागे जातात.

मी आहे तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात. लाईनवर प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आहे. काही वावगं दिसलं की ती ओढायची. दिवा लागतो, गाणं वाजतं आणि लाईनचा म्होरक्या येतो. तेवढ्यात निस्तरलं तर लाईन चालू राहते, नाही तर थांबते. संशयाचा माल लाल डब्यात जातो. चौकशी पाळी संपल्यावर, आणि तीही ऑफिसात बसून नाही, त्याच मशीनपाशी, तोच खराब भाग हातात घेऊन. पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा मी शिव्यांची तयारी ठेवली होती. म्होरक्या आला, भाग बघितला आणि ‘कळवलंस, बरं झालं’ म्हणून गेला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हा उद्या हिशेब चुकता करणार, असंच वाटत राहिलं.

म्हणून जपानी माणसं संत आहेत असं समजू नकोस. चेहरा शांत असला तरी आत काय चाललंय ते रात्री दारूच्या दुकानात कळतं. आणि इथंही माणसाला धाकात ठेवायची खोड होती, त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. २५ एप्रिल २००५ ला ओसाकाजवळच्या अमागासाकीत एक प्रवासी रेल्वेगाडी वळणावर घसरून इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसं गेली. चालक २३ वर्षांचा पोरगा. आधीच्या स्टेशनात गाडी थांब्याच्या पुढं गेली होती, ती मागं घेण्यात दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला होता. उशीर केला, चूक केली की चालकाला ‘पुन्हा प्रशिक्षण’ म्हणून बसवायचे. नाव प्रशिक्षण, पण असायची ती शिक्षाच. मागचा गार्ड वायरलेसवर त्या चुकीबद्दल काय सांगतोय, तिकडं पोराचे कान लागले होते आणि ब्रेक उशिरा लागला, असं चौकशीत निघालं. ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ११६ च्या वेगात होती. ओरड्याला घाबरलेल्या माणसाचं लक्ष कामावर राहत नाही, ओरडणाऱ्यावर राहतं. मामांच्या जागी मी असतो तर यापुढं तुटलेला धागा दिसला तरी दिसला नाही म्हणून पुढं गेलो असतो.

इथली एक रीत मात्र उचलण्यासारखी आहे. टोयोटाचे ताइची ओनो, हेसुद्धा आधी तोयोदांच्या सूतगिरणीतच कामाला होते, त्यांनी सांगितलेली. एका कारणावर थांबायचं नाही, ‘का’ हे पाच वेळा विचारायचं. त्यांचंच उदाहरण देतो. मशीन बंद पडलं. का? फ्यूज उडाला, कारण लोड वाढला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पोचलं नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, त्यामुळं धातूचा चुरा आत जात होता. पहिल्याच ‘का’पाशी थांबलेला माणूस फ्यूज बदलून घरी जातो. ‘कुणी’ विचारणारा तर ऑपरेटरला काढून टाकतो. गाळणी दोघांनाही सापडत नाही.

आता आपलं बघ. परत आलेले तागे कुठल्या मागांवरचे? एकाच बीमचे, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या एकाच रुळाचे, की वेगवेगळ्या? सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ देणं, त्याच ठिकाणी केलं होतं का? हे मी वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, कुणी बघितलंच नाही, तागे आले आणि भांडण सुरू झालं. वैशाख आहे दादा. आपला सगळा खानापूर तालुका कोरड्या हवेचा, आणि कोरड्या हवेत सुती ताणा जास्त तुटतो. इथल्या कापड गिरण्यांत दमटपणा मुद्दाम राखतात. आण्णा उन्हाळ्यात दुपारी मागांखाली पाणी मारायला लावायचे आणि खिडक्यांना ओली पोती बांधायचे, आठवतं ना? ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तुटलेले धागे बघत बघतच ते शिकले. छपरावर नवा पत्रा टाकल्यापासून ती पोती गेली. दोष मामांचा नसेलच असं मी म्हणत नाही. रात्री डुलकी लागली असेलही. पण मग डुलकी का लागली, हेही विचारावं लागेल. दिवसा ते दुसरीकडं कामाला जातात असं वहिनींच्या बोलण्यात आलं.

तू म्हणशील, तुझं बरंय, पगार महिन्याच्या महिन्याला येतो, इथं खर्चीवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याला, व्यापारी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, पैसे देतो आणि काढायचे तेव्हा काढून घेतो. खरं आहे. तुझा राग मामांवर नव्हताच, व्यापाऱ्यावर होता, आणि त्याच्यापुढं बोलता येत नाही. हे मला इथं बसून दिसतं, तुला तिथं उभं राहून दिसणार नाही. त्यात लाईट गेली, पोराची फी, आईची गोळी. राग येऊ नये असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

पण तात्यांची गोष्ट आठव. तमिळनाडूत त्यांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात मूस तडकली होती आणि वितळलेलं सोनं फरशीवर सांडलं होतं. दुसऱ्याचं सोनं. मूस धरलेला पोरगा रडायच्या घाईला आला होता. तात्यांनी आधी पंखा बंद केला, दार लावून घेतलं आणि कुणी जागचं हलायचं नाही म्हणून सांगितलं. मग थेंब न थेंब गोळा केला, फरशी झाडली, झाडलेली धूळ पुडीत बांधून ठेवली, त्यातूनही सोनं निघतं म्हणून. पोराला चहा दिला. जुनी मूस किती वेळा वापरायची याचं बोलणं रात्री झालं, आणि ते पोराशी नाही, मुशी आणणाऱ्याशी. तात्या ही गोष्ट दर दिवाळीला सांगायचे आणि आपण हसायचो. आज तो पोरगा स्वतःचं दुकान चालवतो.

मामांच्या घरी जाऊन ये. माफी मागायला जा असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. कोणत्या मागावर, किती वाजता जास्त तुटतं, एवढंच त्यांना विचार. इतकी वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला ते नक्की माहीत असणार. आणि वहिनींना एक वही घालायला सांग. माग नंबर, बीम नंबर, वेळ, काय झालं. नाव लिहायचं नाही. वहीत एकदा नावं आली की त्या दिवसापासून कुणी खरं लिहिणार नाही. महिन्यानं मला त्या पानांचे फोटो पाठव, आपण दोघं बसून बघू. आण्णांना पण दाखव. ते गप्प आहेत म्हणजे रागावलेत असं नाही, कदाचित पोत्यांचंच त्यांच्या मनात असेल.

हवेतला दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र मी घेऊन ठेवलंय. आमच्यातला पुण्याचा एकजण जूनमध्ये गावी येतोय, त्याच्याकडं देतो. ते भिंतीला लाव, उन्हात नको. परत येताना त्याच्याकडं आईच्या हातची कांदा-लसूण चटणी दे, आणि डबा घट्ट बंद कर, मागच्या वेळी सगळ्या बॅगेला वास लागला म्हणून तो अजून कुरकुरतो.

आईला आणि आण्णांना नमस्कार. पोरांना पापा.

तुझा,
धाकटा