कोल्हापूरला राहायला येताय? आधी हद्द विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-पुण्याचे बिऱ्हाड हलवून कोल्हापूरसारख्या मध्यम शहरात यावे का, यावर हल्ली भरपूर लिहिले जाते. बहुतेक लेख तांबडा-पांढरा, रंकाळा आणि स्वस्त घरे यापुढे जात नाहीत. घर शोधणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. महापालिका हद्दीतले कोल्हापूर की हद्दीबाहेरचे, नदीकडचे की टेकाडावरचे, हे ठरल्याशिवाय फायद्या-तोट्याचा हिशेब मांडताच येत नाही.

महापालिका 1972 साली झाली. त्यानंतर हद्दवाढीचे प्रस्ताव आले, गावांनी विरोध केला, बंद पाळले, प्रस्ताव मागे पडले. शहर मात्र वाढतच गेले. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूर ही गावे शहराला अशी चिकटली आहेत की रस्त्याने जाताना हद्द कुठे संपली हे कळत नाही. ते नळ सोडल्यावर कळते. 2017 मध्ये भोवतालच्या 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. बांधकाम परवानगीचे काम त्याच्याकडे गेले, पण पाणी, गटार आणि कचरा ग्रामपंचायतीच्याच गळ्यात राहिला. 'शहरापासून दहा मिनिटांवर' अशी जाहिरात असलेला स्वस्त फ्लॅट बहुधा या पट्ट्यातला असतो.

पाण्यापासून सुरू करू. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी रोज 135 लिटर धरतात. चौघांच्या घराला 540 लिटर लागतात. हद्दीबाहेर नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो. तीन दिवसांनी येणार असेल तर 1620 लिटरचा साठा हवा, म्हणजे 2000 लिटरची टाकी. बारा फ्लॅटच्या इमारतीला रोज साधारण 6500 लिटर लागतात, त्यामुळे दहा हजार लिटरचा टँकर दीड दिवसात संपतो. बिल्डरला 'पाणी आहे का' विचारू नका, 'आहे' हेच उत्तर येते. मार्च ते मे या महिन्यांची टँकरची बिले सोसायटीकडे किंवा शेजारच्या इमारतीत मागा. मेंटेनन्समध्ये ती धरली आहेत की वेगळी वर्गणी निघते, हेही विचारा.

त्याहून नाजूक भाग सांडपाण्याचा. भुयारी गटार नाही, म्हणून प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 33 बाय 33. दोन गुंठ्यांचा प्लॉट 33 बाय 66. बोअर आणि शोषखड्डा यांत किमान 50 फूट अंतर असावे असा साधारण दंडक धरतात. आता तुमचा बोअर, तुमचा खड्डा आणि तिन्ही शेजाऱ्यांचे खड्डे कागदावर मांडून पाहा. अंतर बसतच नाही. काळ्या मातीच्या जमिनीत तर पाणी जिरतही नाही. पावसाळ्यात खड्डा भरून वर येतो आणि मग मैला ओढणाऱ्या गाडीचा खर्च दर वर्षाचा होतो. बोअरच्या पाण्याची जिवाणू तपासणी केल्याशिवाय ते पिण्याला वापरू नये. आणि ही तपासणी उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात करायची, कारण दूषित पाणी तेव्हा जास्त उतरते.

कागदपत्रांचे थोडक्यात. मंजूर लेआउट नसलेला गुंठेवारीचा प्लॉट स्वस्त मिळतो, पण सातबाऱ्यावर दहा-बारा नावे सामाईक असतात. बँक कर्ज द्यायला कचरते, मग पतसंस्थेचे चढे व्याज. सातबारा, मागचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), जमीन बिगरशेती असल्याचा कागद, मंजूर लेआउटचा नकाशा आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी), यांतला एकही कागद 'नंतर देतो' म्हणून चालत नाही. आठपर्यंत फ्लॅटच्या किंवा 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील योजनेला महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. उपनगरात आठ फ्लॅटच्या अपार्टमेंट इतक्या का दिसतात, याचे एक कारण हेही असावे. अशा ठिकाणी तक्रारीला महारेराचे दार उघडेलच असे नाही, हे धरूनच वकिलाकडून मालकीचा शोध अहवाल घ्यावा.

हद्दीत घर घेतले म्हणजे सुटलो असेही नाही. तिथे प्रश्न पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले. बाहेरून येणारा माणूस नदीपासूनचे अंतर मोजतो आणि तिथेच फसतो. पूर फक्त नदीकाठून येत नाही. नदी चढली की जयंती नाल्याचे पाणी नदीत उतरत नाही, ते मागे फुगते आणि नाल्याच्या कडेने शहरात शिरते. म्हणून व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दसरा चौकाजवळचा सुतारवाडा इथे पाणी येते. नागाळा पार्कातही एका गल्लीत पाणी आणि दुसरी कोरडी, असा प्रकार असतो. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींवर परवानगी. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिलेल्या माणसाला या आकड्यांचे हसू येईल, पण कागदावर तेच चालतात. नगररचना विभागात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक देऊन रेषा पाहून घ्या. नंतर गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानात 2021 चे पाणी कुठवर आले होते ते विचारा. बहुतेकांनी भिंतीवर खूण करून ठेवली आहे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असला तरी वीजमीटरचे पॅनेल, लिफ्टचा खड्डा आणि पाण्याची जमिनीखालची टाकी या तीन गोष्टी त्या खुणेच्या खाली आहेत का, ते पाहा. असतील तर पाणी ओसरल्यावरही वीज, लिफ्ट आणि पिण्याचे पाणी सुरू व्हायला दिवस लागतात.

घर कोरडे राहिले तरी शहर अडकते. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जातो, रत्नागिरी आणि गगनबावडा रस्ते त्याआधीच बंद झालेले असतात. 2019 मध्ये शिंगणापूरचे उपसा केंद्र बुडाल्याने नळाला बरेच दिवस पाणी नव्हते. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन 2023 च्या दिवाळीत सुरू झाल्याने पुराच्या काळातली ही भीती कमी झाली, पण गळती निघाली किंवा धरणाकडची वीज गेली की शहर आजही कोरडे पडते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभराचे औषध-धान्य घरात ठेवायचे, ही इथली साधी रीत आहे.

मग यावे कशाला? वेळ वाचतो, हा फायदा खरा आणि रोजचा आहे. हद्दीतल्या हद्दीत कुठूनही कुठेही दुचाकीने साधारण वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येते. दूध-भाजी ताजी आणि शेतकऱ्याकडून थेट. शिवाजी विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विमानतळ आहे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी इथे बसते, त्यामुळे वकिली आणि तिच्याभोवतीच्या व्यवसायांना नवे काम आहे. फौंड्री आणि मशीन शॉपमधल्या माणसाला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे एक नोकरी सुटली तर दुसरी मिळते. आयटीवाल्याला तसे नाही. कंपनीने उद्या 'ऑफिसला या' म्हटले तर पर्याय पुण्याचाच, सव्वादोनशे किलोमीटरवर. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे असतील तर दोघांच्या नोकरीचा प्रश्न वेगवेगळा तपासावा. बहुतेक घरांत दुसरा पगार कमी होतो किंवा थांबतो, आणि घरभाड्यातली बचत तिथेच संपते. जुन्या करप्रणालीत असाल तर घरभाडे भत्त्याच्या सवलतीची मर्यादाही मुंबईतल्या मूळ पगाराच्या 50 टक्क्यांवरून 40 वर येते.

आजारपणाची व्यवस्था चांगली आहे, पण काही अतिविशेष डॉक्टर बाहेरून ठराविक दिवशीच येतात. गुंतागुंतीच्या उपचाराला पुणे-मुंबई गाठावी लागते. म्हणून आरोग्य विम्याचा पत्ता बदलताना जपून. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. कोल्हापूरच्या पत्त्यावर हप्ता कमी होतो, पण मुंबईत दाखल झाल्यास बिलातला काही टक्का स्वतः भरावा लागतो.

घर विकत घेण्याआधी अकरा महिने भाड्याने राहावे, आणि करार मे महिन्यात सुरू करावा. एक उन्हाळ्याचा शेवट, पूर्ण पावसाळा आणि पुन्हा मार्चची टंचाई एवढे त्यात बसते. करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात ही नोंदणी बंधनकारक आहे.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडे एक मागणी आहे. मालमत्ता पुरवणीतल्या प्रत्येक जाहिरातीत तीन गोष्टी छापण्याची सक्ती करा: महापालिका की ग्रामपंचायत, पाण्याचा स्रोत कोणता, आणि भूखंड लाल पूररेषेच्या आत की बाहेर. जाहिरातीत क्लब हाउसचे चित्र मावते, तर या तीन ओळीही मावतील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर