पोरी मिळत नाहीत म्हणणाऱ्या एका बापाचं पत्र

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

डिसेंबर संपत आला आणि तुमच्या पेपरात रोज सरत्या 2024 चा आढावा येतोय, कोण निवडून आला, कोण पडला, कोणाला कोणतं खातं मिळालं, मी ते सगळं चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. पण त्यात आमच्या घरातलं वर्ष कुठे सापडत नाही म्हणून लिहायला बसलोय. मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखनाचं तुम्ही बघून घ्या.

मी अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. सात एकर, त्यात कपाशी, थोडा मका, घरापुरती ज्वारी. एक मुलगी, ती 1991 ची, पुण्याला दिलेली. एक मुलगा, तो 1995 चा, बीएस्सी झालेला, पोलीस भरतीला तीनदा धावला, एकदा दोन मार्कांनी राहिला, मग म्हणाला आप्पा बस झालं मी शेतीच करतो, आणि करतोय, चांगली करतोय, ठिबक टाकलं, औषधाचा हिशोब ठेवतो, तंबाखूला हात लावत नाही. पाच वर्षं झाली त्याच्यासाठी मुलगी बघतोय. अजून जमलं नाही.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, 10 मे ला होती आणि आमचं लोकसभेचं मतदान 13 ला. लेक दोघी नातींना घेऊन आली होती, निंबाला झोका बांधला होता, खापरावरचे मांडे झाले, घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. पण पुण्यालाही त्याच दिवशी मतदान, म्हणून जावयाचा फोन आला आणि ती 12 ला निघून पण गेली. आखाजीला आलेली लेक आठ दिवस राहिली नाही असं आमच्याकडे पहिल्यांदा झालं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही तिघं शाळेवर जाऊन मत देऊन आलो, डांबर चपलेला चिकटत होतं. येताना बायकोला विचारलं कोणाला दिलं, तर म्हणाली, "तुम्हले काय करनं शे?" पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला असं उत्तर कधी दिलं नव्हतं. मला राग नाही आला, नवल वाटलं.

माझ्या सख्ख्या भावाचं आणि माझं मात्र बिनसलं. सेना फुटली तेव्हा तो एकीकडे राहिला मी एकीकडे, मधली भिंत एकच, पण मे महिन्यात त्याने माझ्या दारावरून जाताना मान फिरवली. त्यावर जास्त लिहीत नाही, दिवाळीला तो फराळाचं ताट घेऊन आला, मी पण गेलो.

मग जुलैत लाडक्या बहिणीचे फॉर्म. अंगणवाडीत गर्दी, ॲप चालेना, रात्री बारा वाजता सर्व्हर बरा चालतो म्हणून अंगणवाडी ताई रात्री जागून बायांचे फॉर्म भरत होत्या, त्यांचं कौतुक कोणीच छापलं नाही. बायकोचं जनधनचं खातं बंद पडलेलं, आधार लिंक करायला ती बँकेसमोर सकाळी सात वाजेपासून दोन दिवस उभी राहिली. श्रावणातला कानबाईच्या रोटांचा सण झाला आणि त्याच आठवड्यात दोन महिन्यांचे मिळून 3000 तिच्या खात्यात पडले. लोक म्हणतात मत विकत घेतलं, मी त्या वादात पडत नाही, सरकारच्या तिजोरीचं काय होईल ते मला समजत नाही, मी फक्त माझ्या घरात काय झालं ते सांगतो. तिने ते पैसे मला दिले नाहीत. मी मागितले पण नाहीत. भावाची बायको, समोरची म्हातारी, सगळ्या ओट्यावर बसून मेसेज आला का मेसेज आला का विचारत होत्या आणि त्या आवाजात जे काही होतं ते मी आमच्या गल्लीत आधी कधी ऐकलं नव्हतं.

ऑगस्टमध्येच नेपाळात बस नदीत पडून आपल्या वरणगाव-भुसावळकडचे भाविक गेले. दोन दिवसांनी जळगावला पंतप्रधानांची लखपती दीदीची सभा झाली, बायको बचत गटाच्या गाडीने गेली होती, सांगत होती की गाडीत जाताना बाया त्या नेपाळच्या मयतांचंच बोलत होत्या, गाणी कोणी म्हटली नाहीत.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे पत्र आहे.

श्रावणातच एक माणूस आमच्याकडे आला, ओळखीतल्याच्या ओळखीचा. म्हणाला तिकडच्या भागात गरीब घरच्या मुली आहेत, अडीच लाख द्या, देवळात लग्न लावून देतो, जातीचं मी सांभाळून घेतो. साहेब, मी खोटं लिहीत नाही, मी त्याला चहा पाजला. मनात हिशोब केला. मागच्या वर्षीचा बारा क्विंटल कापूस भाव वाढेल म्हणून घरातच पडून होता, तो विकला तर टोकन निघतं. अडीच लाख ऐकून मला मुलीची किंमत जास्त वाटली नाही, उलट कमी वाटली, हे मी कबूल करतो. रात्री मुलाला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, आप्पा विकत आणलेली बायको मला नको, बैल आणायचा असेल तर आणा. आणि ताटावरून उठला. पुढच्याच महिन्यात शेजारच्या गावात असंच लग्न लागलं आणि नवरी नवव्या दिवशी दागिने घेऊन गेली. घरचे पोलिसात गेले नाहीत, कारण सांगायचं काय. असे प्रकार किती झाले ते गावोगाव सगळ्यांना माहीत आहे, सगळे गप्प आहेत.

विधानसभेच्या वेळी गाड्यांवर गाड्या आल्या. एक म्हणे लाडक्या बहिणीचे 1500 चे 2100 करू, दुसरे म्हणे 3000 देऊ. पाडळसे धरणाचं तर काय सांगू, मुलगा शाळेत नव्हता तेव्हापासून ते धरण होतंय आणि प्रत्येक निवडणुकीत पुढच्या वर्षी पाणी येतं. कापसाचा हमीभाव 7521 आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन 6800 म्हणतो, वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये देऊन वर माल ओला आहे म्हणून ऐकून घ्यायचं. 2022 ला हाच कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, त्या आशेवर लोक आजही घरात ठेवतात, रात्री अंगाला खाज सुटते आणि लहान पोरं खोकतात.

ओट्यावर एका उमेदवाराची माणसं बसली होती. मी हात जोडून विचारलं, भाऊ आमच्या गावात पंचवीस वर्षांवरची बिनलग्नाची चाळीस पोरं आहेत, मी नावं मोजली आहेत, याचं कोणी काही बोलेल का. सगळे हसले. एक जण म्हणाला, काका सरकार आता पोरीपण वाटणार का. माझा मुलगा तिथेच उभा होता. तो हसला नाही, खाली बघत घरी गेला.

23 नोव्हेंबरला निकाल लागला, जळगाव जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा महायुतीच्या, पुढे जिल्ह्याला तीन मंत्री पण मिळाले, फटाके फुटले. त्या रात्री मुलगा मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, आप्पा तुम्ही ओट्यावर विचारलं ना, हे बघा. जनगणनेचे आकडे होते. आपल्या जळगाव जिल्ह्यात 2001 ला सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 880 मुली होत्या. 2011 ला 842. राज्याचा आकडा तेव्हा 894 होता, तोही काही चांगला नाही, पण आपण त्याच्याही खाली. मुलगा म्हणाला, 2001 ला मी सहा वर्षांच्या आत होतो, म्हणजे या हजारात मी आहे. जी मुलगी माझ्यासाठी असायची ती जन्मलीच नाही. आणि 2011 वाल्यांची लग्नं तर अजून यायची आहेत, तेव्हा बघा काय होतं.

तो सहज बोलला. त्याला माहीत नव्हतं, आणि मला तिथे बसवेना.

कारण 1993 ला मी स्वतः बायकोला राजदूत मोटारसायकलवर मागे बसवून शहरात घेऊन गेलो होतो. पहिली मुलगी होती, माय रोज म्हणायची वंशाला पोऱ्या पाहिजे, आणि मायचं नाव मी का सांगू, मला पण पाहिजेच होता. डॉक्टरने कागदावर काही लिहिलं नाही, नुसतं मान हलवून सांगितलं. महाराष्ट्रात गर्भाची अशी तपासणी करण्याविरुद्ध 1988 लाच कायदा झालेला होता, मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी मी थांबलो असतो का, तर नसतो थांबलो. बायकोला कोणी विचारलं नाही. येताना ती मागे बसून एक शब्द बोलली नाही, घरी आली आणि तिसऱ्या दिवशी निंदणीला गेली. दोन वर्षांनी मुलगा झाला, गावात पेढे वाटले.

एकतीस वर्षं आम्ही नवरा-बायको त्यावर बोललो नाही. एकदासुद्धा नाही. त्या रात्री मुलगा झोपायला गेल्यावर मी तिला ते आकडे सांगितले. ती वाल सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती ऱ्हाती ते आज एकतीसनी ऱ्हाती." म्हणजे ती मोजत होती. दर वर्षी मोजत होती आणि मी तिच्या शेजारी बसून भाकरी खात होतो.

आज आम्ही बाप लोक वधू-वर मेळाव्यात परिचय पुस्तिका चाळत बसतो आणि पोरींच्या अपेक्षा फार वाढल्या म्हणून ओरडतो, शेती पाहिजे पण शेतकरी नको म्हणतात, पुण्यात फ्लॅट पाहिजे म्हणतात. अहो पण मी माझ्या लेकीला 2014 ला दिली तेव्हा मी तरी काय बघितलं, नोकरी बघितली, गावातला चांगला सात एकरवाला मुलगा सांगून आला होता त्याला मी दारातूनच परत पाठवला. त्या मुलाचं अजून लग्न नाही, बाजारात भेटला की राम राम करतो, मला त्याच्याकडे बघवत नाही. पोरींचा यात काहीच दोष नाही. शेतात राबून भाव मिळत नाही हे त्या आपल्या आईचे हात बघून शिकल्या आहेत. कापसाला भाव असता तर निम्मी स्थळं जमली असती हे खरं, पण उरलेली निम्मी आम्ही दवाखान्यात सोडून आलो आहोत, त्याचं उत्तर कोणत्या मंत्र्याकडे मागायचं.

खान्देशातल्या चारपैकी तीन खासदार यंदा बाया आहेत, रावेरला रक्षा खडसे, जळगावला स्मिता वाघ, धुळ्याला शोभा बच्छाव. पक्ष वेगळे असतील, मला त्याचं काही नाही, मला अभिमान वाटतो. या तिघींनी एका व्यासपीठावर येऊन हा विषय बोलावा अशी माझी हात जोडून विनंती आहे. धरण, केळीचा विमा, रेल्वे, सगळं बोला, पण हे पण बोला.

आणि तुम्हाला एक मागणं आहे संपादक साहेब. तुम्ही रोज कापसाचा, सोन्याचा भाव छापता. प्रत्येक ग्रामपंचायतीत जन्माची नोंद असते, किती मुलगे किती मुली. सोनोग्राफी सेंटरला दर गरोदर बाईचा एफ फॉर्म, म्हणजे तपासणीची नोंद, भरावा लागतो. महिन्यातून एकदा तालुक्याप्रमाणे जन्माचे आकडे पहिल्या पानावर छापा, गावाच्या नावासकट. ज्या गावात मुली कमी होतायत त्या गावाला पेपरात वाचू द्या. आमच्या वेळी आम्हाला कोणी असं वाचायला दिलं असतं तर कमीत कमी लाज तरी वाटली असती.

घरातलं राहिलेलं सांगतो. शिरपूरकडचं एक स्थळ आलंय, मुलगी घटस्फोटित आहे, तिला चार वर्षांची मुलगी आहे. भाऊबंद म्हणाले असं कसं, बिनलग्नाचा पोरगा आहे, लोक काय म्हणतील, दुसऱ्याचं लेकरू का सांभाळायचं. मुलगा म्हणाला मला चालेल, फक्त तिला एकदा विचारा की तिला शेतीवाला चालेल का, तिच्या वडिलांना नका विचारू, तिला विचारा. बायकोने तर विचारायच्या आधीच हो म्हटलं. लाडक्या बहिणीचे साडेसात हजार तिने खर्च केले नव्हते, गेल्या सोमवारी सराफाकडे जाऊन एवढ्याशा पायातल्या चांदीच्या तोरड्या घेऊन आली. मी म्हटलं अगं अजून बघायला पण गेलो नाही, नाही जमलं तर. म्हणाली नाही जमलं तरी देऊन येऊ.

संक्रांत झाली की जाणार आहोत. त्याच्या आत बारा क्विंटलला गिऱ्हाईक लागलं तर बरं. पत्र छापलंत तर नाव-गाव छापू नका, माझ्यासाठी नाही, तिकडच्या माणसांसाठी सांगतोय, त्यांच्या मुलीचं अजून काही पक्कं नाही.

आपला,
अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी