खंडूच्या औषधी अंघोळीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम यांसी,
सा. न. वि. वि.

श्रावणात सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या वाड्यात येऊन आपण आमच्या कुत्र्याला, खंडूला, गोचिडांसाठी औषधी अंघोळ घातलीत. तपासणीची फी आपण घेतलीत, शिकवणीची घेतली नाहीत. म्हणून हे जाहीर पत्र.

त्याआधी आम्ही तेच औषध तीनदा वापरले होते. दोन झाकणे अंदाजाने बादलीत ओतायची, ते पाणी अंगावर टाकायचे आणि वास सहन होईना म्हणून लगेच नळाखाली कुत्र्याला धुऊन काढायचे, असा आमचा क्रम असल्याने औषध मोरीत जाई आणि गोचीड कानात राहत. आपण तेच गोचीडनाशक, 12.5 टक्क्यांचे अमिट्राझ, सिरिंजने मोजून लिटरला 2 मिलिलिटर कालवलेत, आधी साध्या शाम्पूने मळ काढून डोळ्यांत मलम घातलेत, मग स्पंजने बोटांच्या बेचक्यांपर्यंत सारे अंग भिजवून त्याला तसेच वाळू दिलेत. नंतर धुवायचे नाही, हे बाटलीवरही छापलेले होते! माझ्या मधुमेहाची चौकशी करून मला दूर ओट्यावर बसवलेत, तेव्हा मी मनातून रुसलो होतो. हे औषध रक्तातील साखर वाढवू शकते, हे मागाहून कळले.

दुकानदाराने ‘मांजरालाही चालते’ असे सांगितल्यामुळे तीच बाटली आम्ही मनी मांजरीच्या पिसवांसाठी काढली होती. आपण ती हातातून काढून घेतलीत, यासाठी तर विशेष आभार. अमिट्राझ पिसवांवर फारसे चालत नाही, हे सांगून दोघांनाही वजनानुसार वेगळे औषध दिलेत.

पण खरे डोळे उघडले ते आपण कोनाड्यात टॉर्च धरलात तेव्हा. भेगेत एक फुगलेली करडी मादी आणि तिच्यालगत तपकिरी अंड्यांचा पुंजका होता. एक मादी हजारांवर अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर न घालता भिंतीत, हे ऐकल्यावर एका अंघोळीने का भागत नाही ते उमगले. आम्ही भेगा बुजवल्या, खंडूची गोधडी उकळत्या पाण्यातून काढली आणि चौदा दिवसांनी अंघोळ पुन्हा घातली. बादली अर्थातच मुलाने धरली.

काल त्याच्या कानामागे एकच बारका गोचीड सापडला. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढला. रॉकेल लावले नाही.

आपला नम्र,
खंडूचा मालक