ताई, त्या डिपॉझिशनसाठी मनापासून थँक्यू

ताई,

मागच्या आठवड्यात बायबॅकचा, म्हणजे कंपनीने गाडी परत घेऊन दिलेल्या पैशांचा, चेक आला, गाडीची चावी देऊन टाकली आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणतेय, फोनवर नीट बोलताच आलं नाही, गळा भरून आला होता.

सॅन होजेला तुमच्या वकिलांच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे नुसती पिशवीभर कागदं होती. नवी कोरी गाडी, लेक मागे बसलेली, आणि 880 हायवेवर मध्येच झटका बसून स्पीड पडायचा, मागून ट्रक येतोय. चार वेळा डीलरकडे टाकली आणि चारही वेळा कागदावर तेच, तक्रार आढळली नाही. वकीलसाहेब कायम धावपळीत, पण तुम्ही एकेक रिपेअर ऑर्डर घेऊन तारीख, मायलेज, गाडी किती दिवस तिथे पडून होती सगळं लावून दिलंत. कॅलिफोर्नियात 1970 पासून सॉंग-बेव्हर्ली कायदा आहे, पुरेसे चान्स देऊनही वॉरंटीतला बिघाड गेला नाही तर कंपनीने गाडी बदलून द्यायची नाहीतर पैसे परत, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

पण खरे आभार डिपॉझिशनचे, म्हणजे केस चालू असताना वकिलांसमोर शपथेवर घेतात त्या जबानीचे. कंपनीने मला बोलावलं तेव्हा मी रजा टाकून गेले, अर्धा दिवस शपथेवर उत्तरं दिली. त्यांची पाळी आली तर नोटीस गेली की ऑब्जेक्शन, दुसरी तारीख मागितली की उत्तरच नाही, असं कितीतरी महिने. मी आशाच सोडली होती, एवढ्या मोठ्या कंपनीवर कोण जबरदस्ती करणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अहो ते केसमधली पार्टी, म्हणजे पक्षकार आहेत, त्यांच्या माणसाला समन्सही लागत नाही, नोटीस पुरे. विषय आपण लिहून द्यायचे आणि त्यातलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस त्यांनीच पाठवायचा. नाही आले तर कलम 2025.450 खाली मोशन टू कंपेल, म्हणजे त्यांना यायला भाग पाडा असा कोर्टाकडे अर्ज." तो कलम नंबर मला आता पाठ झालाय.

आणि ते मोशन टिकलं ते तुमच्या चिकाटीमुळे. प्रत्येक ईमेल, प्रत्येक फोनची नोंद, आपण आधी समजुतीने तारीख ठरवायचा किती प्रयत्न केला त्याचा पुरावा, तुम्ही एक कागद सुटू दिला नाहीत. हिअरिंगच्या आदल्या दिवशी टेंटेटिव्ह रुलिंग, म्हणजे कोर्टाचा कच्चा निकाल, लागला आणि तुमचा फोन आला, मोशन मंजूर, वर कंपनीला सँक्शन, म्हणजे दंड पण. मी कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले ताई.

मग कंपनीचा तो माणूस जबानीला झूमवर आला. बायबॅक नाकारताना माझ्या रिपेअर ऑर्डर कोणी उघडूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या, हे त्याने शपथेवर सांगितलं. जाणूनबुजून टाळलं असं ठरलं तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंड बसू शकतो, तुम्ही हे आधीच समजावलं होतंत, त्यामुळे त्या उत्तराचं वजन मला तिथल्या तिथे कळलं. पुढच्या काही आठवड्यांत सेटलमेंट. इतके महिने जे हलत नव्हतं ते त्या एका दुपारने हललं.

तुमच्या कामाचं नाव कोर्टाच्या कुठल्याच ऑर्डरवर येत नाही, ते मला फार लागलंय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

लेक आता मागच्या सीटवर झोपते, आधी झोपायची नाही. शनिवारी चकल्या करतेय, सोमवारी ऑफिसला आणून देते, तिखट कमी घालू का ते तेवढं कळवा.